अर्पणपत्रिकेच्या पुढचे पान

आपल्या शाळेच्या जुन्या इमारतीत शिक्षकांच्या खोलीबाहेर, पाण्याच्या टाकीकडे वळणाऱ्या व्हरांड्यात, एक चौकट टांगलेली असे. अब्राहम लिंकन यांनी आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून महाराष्ट्रातल्या शाळाशाळांतून लावले जाणारे ते पत्र; त्याचे मराठी रूप कवी वसंत बापट यांचे. आमच्या पिढीतील निम्म्या मुलांनी ते वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ केले आणि उरलेल्यांनी शिक्षा म्हणून वहीत उतरवून काढले. पुढे इतिहास शिकवणे हा माझा व्यवसाय झाला, तेव्हा लिंकन यांच्या समग्र लेखनात मी हे पत्र शोधले. ते तेथे नाही. लिंकन यांनी असे काही लिहिल्याचा पुरावा अभ्यासकांना आजवर मिळालेला नाही.

पत्र चांगले आहे. ते भिंतीवर राहण्याला माझी हरकत नाही. खंत एवढीच की, लिंकन यांनी न लिहिलेले पत्र आपल्याला तोंडपाठ आहे आणि त्यांनी खरोखर लिहिलेले पत्र आपल्या कानावरही आलेले नाही. २२ ऑगस्ट १८६२ रोजी, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी होरेस ग्रीली या संपादकाला जाहीर पत्र लिहिले. आपले पहिले उद्दिष्ट राष्ट्राचे ऐक्य राखणे हे आहे. एकाही गुलामाला मुक्त न करता ते साधत असेल तर तसे करू, सर्वांना मुक्त करून साधत असेल तर तसे करू, काहींना सोडून काहींना तसेच ठेवून साधत असेल तर तेही करू, असा त्याचा आशय आहे. मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्या वेळी त्यांनी मंत्रिमंडळापुढे आधीच ठेवलेला होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या १९४५ सालच्या इंग्रजी ग्रंथात नेमके हेच पत्र पुढे ठेवले. स्वराज्य आणि अस्पृश्य या दोन प्रश्नांविषयी गांधीजींची वृत्ती लिंकन यांच्या या वृत्तीशी जुळणारी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

स्मरणिकेत अमेरिकेच्या यादवी युद्धाचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे कारण घरातलेच आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मागील मेळाव्यात एक सूचना आली. वसतिगृह चालवण्याचा खर्च झेपत नाही, मुलांची संख्या पूर्वीइतकी राहिलेली नाही, आपली मुले आता आपापल्या घरी राहून इंग्रजी शाळांत शिकतात. तेव्हा वसतिगृह हळूहळू बंद करून ती जागा दिवसाच्या शाळेला द्यावी, अशी ती सूचना. मांडणाऱ्या बंधूंच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. त्यांनी याच वसतिगृहात सहा वर्षे काढली आहेत आणि आजही दरवर्षी देणगी देणाऱ्यांत त्यांचे नाव असते. बोलता बोलता ते म्हणाले की ज्यासाठी हे उभारले गेले ते काम झाले. सभागृहात कोणी विरोध केला नाही. मीही केला नाही. हा लेख म्हणजे माझे उशिरा सुचलेले उत्तर. ते अमेरिकेवरून वळसा घेऊन येते, कारण ‘काम झाले’ हे शब्द ज्या देशात सर्वांत महाग पडले तो देश अमेरिका आहे.

युद्धाचे कारण काय, याविषयी अनेक पुस्तकांत गोलमाल लिहिलेले असते. राज्यांचे अधिकार, जकातीचे दर, उत्तरेचा कारखाना आणि दक्षिणेची शेती यांतला विरोध, असे बरेच काही. फुटून निघालेल्या राज्यांनी मात्र स्वतः इतका आडपडदा ठेवला नव्हता. मिसिसिपी राज्याने आपल्या घोषणापत्रात आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे निगडित असल्याचे लिहून दिले. बंडखोर राज्यांच्या महासंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मधील भाषणात, कृष्णवर्णीय हा गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची स्वाभाविक स्थिती आहे, हाच आमच्या नव्या राज्याचा कोनशिलेचा दगड आहे, असे सांगितले. १८६० च्या शिरगणतीत त्या देशात जवळपास ४० लाख माणसे गुलाम म्हणून नोंदलेली होती. त्यांच्या अंगमेहनतीवर कापूस उभा होता, आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. १७९३ साली सरकी काढण्याचे यंत्र निघाले तेव्हा श्रम कमी होतील असे वाटले असेल, झाले उलटे. सरकी झटपट निघू लागली म्हणून कापसाचे क्षेत्र वाढले आणि क्षेत्र वाढले म्हणून गुलामांची मागणी वाढली. नव्याने वसणाऱ्या पश्चिमेकडील प्रदेशात ही पद्धत जाऊ द्यायची की नाही, यावर चाळीस वर्षे तडजोडी होत राहिल्या. तो विस्तार रोखू म्हणणारा लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आला आणि दक्षिणेची अकरा राज्ये एकामागून एक बाहेर पडली.

हा कापूस आपल्या रोजच्या रस्त्यात आहे. वाशीहून मुंबईला जाणाऱ्या हार्बर लोकलमध्ये शिवडीनंतर ‘पुढील स्थानक कॉटन ग्रीन’ असा पुकारा होतो. ते नाव कापसाच्या बाजाराचे. कुलाब्याचा बाजार पुढे तिकडे हलला. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक माल युद्धापूर्वी अमेरिकेच्या दक्षिणेतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसासाठी मुंबईकडे वळल्या. १८६१ ते १८६५ या चार वर्षांत या शहरात पैशाचा पूर आला. बँका आणि कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅक बे भरणी कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या ज्या दानातून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, त्यांची भरभराटही याच कापसाची. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आल्याची वार्ता मुंबईत पोहोचली, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला वायद्यांच्या हिशेबाची वेळ आली तेव्हा निम्मे शहर दिवाळखोर ठरले. गुलामांच्या मुक्तीची बातमी ही मुंबईच्या बाजारात आपत्तीची बातमी होती, हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्गात क्षणभर शांतता पसरते.

शेतकऱ्याकडे त्या पुरातले थोडेच आले. आले ते बहुधा कर्जाच्या रूपात. भाव चढे असताना सावकाराने हात सैल सोडला, आणि भाव उतरल्यावर वाढीव शेतसारा व व्याज मागे उरले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठून कर्जरोखे जाळले, त्याच्या मुळांपैकी एक मूळ अमेरिकेच्या कापूसशेतात होते.

तर ते युद्ध. सुमारे सव्वासहा लाखांहून अधिक सैनिक त्यात मेले. त्याच्या लढायांचे वर्णन मी करत नाही. मला एकच गोष्ट नोंदवायची आहे, कारण ती आपल्या निबंधांतून नेहमी सुटते. ‘लिंकन यांनी गुलामांना मुक्त केले’ हे वाक्य परीक्षेत पूर्ण गुण मिळवते. पण जाहीरनामा निघण्याच्या कितीतरी आधी गुलाम मळे सोडून उत्तरेच्या छावण्यांकडे चालत येऊ लागले होते. बायका, मुले, डोक्यावर गाठोडी. त्यांना परत पाठवावे की ठेवून घ्यावे, हा प्रश्न त्यांनी सेनापतींपुढे आणि मग वॉशिंग्टनपुढे उभा केला. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने त्यांना सैन्यात प्रवेश दिला आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय शिपाई उत्तरेच्या बाजूने लढले. त्यानंतर तीन घटनादुरुस्त्या झाल्या: १८६५ मध्ये गुलामगिरी बंद, १८६८ मध्ये नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण, १८७० मध्ये मताधिकार.

महात्मा जोतीराव फुले यांनी जून १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती या आशेच्या काळात. अमेरिकेतील सज्जनांनी कृष्णवर्णीयांच्या मुक्तीसाठी जी निरपेक्ष बुद्धी आणि आत्मत्याग दाखवला, त्याबद्दलच्या आदराने तो ग्रंथ त्यांना अर्पण केलेला आहे, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्र बांधवांना सोडवताना तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. पुण्यात बसून, स्वतःच्या समाजाच्या दुःखाचे नाते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसांशी जोडणारी ही दृष्टी त्या काळातील आपल्याकडच्या कोणत्या विद्वानाकडे होती? आपल्या व्यासपीठांवरून ही अर्पणपत्रिका वारंवार सांगितली जाते, ते योग्यच आहे. माझी तक्रार अशी की आपण तेथेच थांबतो. अर्पणपत्रिकेच्या पुढचे पान, म्हणजे अमेरिकेत त्यानंतर काय घडले ते, आपण उलटत नाही.

ज्या वर्षी ‘गुलामगिरी’ छापली गेली त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कचेरीत आश्रय घेतलेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. पुष्कळांना शरण आल्यानंतर मारले. मोजक्या आरोपींवर खटला चालला, आणि १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या शिक्षा रद्द केल्या.

जमिनीचे तर आधीच आटोपले होते. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या आदेशाने समुद्रकाठच्या पट्ट्यात मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यावयास सुरुवात झाली होती. लिंकन यांच्या हत्येनंतर आलेल्या अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती बहुतेक सर्व जमीन जुन्या मळेवाल्यांना परत केली. माणूस मुक्त झाला. राहायला झोपडी मालकाची, पेरायला बी मालकाचे, दुकान मालकाचे आणि हिशेबाची वही मालकाच्या हातात. अर्धेलीने शेत कसायचे आणि वर्षअखेरीस कर्जच शिल्लक निघायचे. बेकार फिरणे हा गुन्हा ठरवणारे कायदे झाले, त्यात पकडलेल्यांना मळ्यांवर आणि खाणींवर भाड्याने दिले जाऊ लागले. गुलामगिरी बंद करणाऱ्या दुरुस्तीतच गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद होता, ती फट पुरेशी ठरली.

तरीही बारा वर्षे उत्तरेचे सैन्य दक्षिणेत होते आणि तोवर कृष्णवर्णीय मत देत होते, विधिमंडळांत निवडून जात होते, शाळा काढत होते. मग उत्तरेतले त्यांचे मित्र थकले. हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. ते शत्रू झाले नव्हते. त्यांच्यापुढे व्यापारातील मंदी होती, दुसरे प्रश्न होते, वर्तमानपत्रांना दक्षिणेच्या बातम्यांचा कंटाळा आला होता, आणि जे करायचे ते कायदा करून झाले अशी प्रामाणिक समजूत होती. १८७७ मध्ये अध्यक्षपदाच्या वादग्रस्त निवडणुकीवर समझोता झाला आणि उरलेले सैन्य मागे घेतले गेले. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८७५ चा नागरी हक्क कायदा घटनाबाह्य ठरवला. चौदावी दुरुस्ती सरकारला बांधते; खाणावळवाला, नाटकगृहवाला, गाडीवाला यांनी भेद केला तर तिचा उपयोग नाही, असा त्याचा अर्थ. १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य झाले. मताधिकार काढून घेण्यासाठी घटनेला हातही लावावा लागला नाही. मतदार-कर आणि साक्षरतेची परीक्षा यांनी काम भागले. तो अधिकार खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५ साल उजाडावे लागले.

साक्षरतेची परीक्षा, हे लक्षात घ्या. युद्धापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामाला लिहा-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. म्हणून मुक्त झालेल्या माणसांनी जमिनीबरोबर पहिली मागणी केली ती शाळेची. सत्तरीच्या म्हाताऱ्या नातवंडांशेजारी बाकावर बसल्या. आणि १८६६ मध्ये मेम्फिस शहरात दंगल झाली तेव्हा दंगलखोरांनी शाळा शोधून शोधून जाळल्या. कशाची भीती वाटते ते जाळणाऱ्याला बरोबर कळते.

बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर जी अमेरिका होती ती जोतीरावांच्या अर्पणपत्रिकेतील अमेरिका राहिलेली नव्हती. विद्यापीठाला लागून हार्लेम, आणि दक्षिणेत रेल्वेच्या डब्यापासून दफनभूमीपर्यंत सारे वेगळे. धनंजय कीर यांनी चरित्रात चौदावी घटनादुरुस्ती आणि बुकर टी. वॉशिंग्टन यांचे कार्य या दोन गोष्टींचा त्यांच्यावर झालेल्या परिणामांसंबंधी उल्लेख केला आहे. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. आणि मार्च १९४७ मध्ये ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ हे निवेदन तयार करताना भेदभावाविरुद्धची काही कलमे त्यांनी अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतली. तसे त्यांनी तेथे नमूदच केले आहे.

यातील १८७५ चा कायदा म्हणजे आठ वर्षांत न्यायालयाने मोडीत काढलेला तोच. मोडलेला कायदा त्यांनी उचलला आणि जेथे तो मोडला होता ती जागा बुजवून आपल्या संविधानात आणला, असे मला वाटते. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम पाहा: दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. अनुच्छेद १७ ची अस्पृश्यताबंदी नुसत्या सरकारवर थांबत नाही; ती पाटलावर, हॉटेलवाल्यावर, शेजाऱ्यावर लागू होते. विहीर आणि तलाव हे शब्द कोणत्या अनुभवातून येतात, हे पनवेलहून महामार्गाने महाडला जाणाऱ्या माणसाला सांगण्याची गरज नाही. मुंबई कायदेमंडळाने रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडला, त्या दिवशी माणसांची डोकी फुटली, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल लागले. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांत किती अंतर असते, हे बाबासाहेबांना अमेरिकेच्या ग्रंथांतून आणि महाडच्या रस्त्यावर असे दोन्हीकडून कळले होते.

गुलामगिरी आणि अस्पृश्यता एक नव्हेत. तुलना करताना त्यांनी हे काटेकोरपणे सांगितले. गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगवण्यात मालकाचा स्वार्थ असे. अस्पृश्याच्या जगण्या-मरण्यात तसा कोणाचाच पैसा गुंतलेला नव्हता. आपल्याकडे गुलामगिरी नव्हतीच, असे अभिमानाने सांगणारेही भेटतात. त्यांनी पेशवाईतील कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी चाळाव्यात. गुलामीला कायद्याची मान्यता राहिली नाही ती १८४३ पासून.

जमिनीच्या बाबतीत मात्र आपणही हरलो. महार वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी विधेयक आणले १९२८ मध्ये. हलक्या गावकी वतनांच्या निर्मूलनाचा कायदा झाला १९५८ मध्ये. खोती रद्द करण्याचे त्यांचे विधेयक १९३७ चे, कायदा स्वातंत्र्यानंतरचा. शेतजमीन राज्याच्या मालकीची करून गावकऱ्यांना जातपात न पाहता कसायला द्यावी, ही १९४७ च्या निवेदनातील मागणी संविधानात आली नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह केले ते या उरलेल्या कामासाठी. जमीन गेली म्हणजे काय जाते, हे आपल्या शहराच्या मूळ गावकऱ्यांनाही ठाऊक आहे. ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले, आणि जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची वाट मोकळी झाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या सदनिका त्याच जमिनींवर आहेत.

जमीन मिळाली नाही, म्हणून आपल्या माणसांच्या हाती खरे भांडवल एकच राहिले. राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली. बहिष्कृत हितकारिणी सभेने स्थापनेनंतर वर्षाच्या आत, जानेवारी १९२५ मध्ये, सोलापुरात वसतिगृह उघडले. आधी वसतिगृह का? गावात शाळा असली तरी गाव शिकू देत नाही, आणि घर असले तरी घराला मुलाच्या हातांची गरज असते. मूल गावापासून आणि गरजेपासून चार वर्षे लांब ठेवले तरच अक्षर टिकते, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. अमेरिकेतही हॅम्प्टन आणि टस्कीगी या संस्था निवासी होत्या त्या याच हिशेबाने. वॉशिंग्टन यांनी हस्तकौशल्यावर भर दिला, द्यु बॉइस यांनी उच्च शिक्षणाशिवाय नेतृत्व निर्माण होणार नाही असे बजावले. बाबासाहेबांना वॉशिंग्टन यांच्याविषयी आदर असला तरी १९४६ मध्ये त्यांनी काढले ते सिद्धार्थ महाविद्यालय, सुतारकामाची शाळा नव्हे. त्यानंतरचे मिलिंद महाविद्यालय औरंगाबादला. ते शहर वसवले मलिक अंबर याने, जो आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आला होता. हा योगायोग मला नेहमी सुखावतो.

आता मेळाव्यातील सूचनेकडे. आपली मुले आता वसतिगृहात राहत नाहीत, हे खरे आहे, आणि आनंदाचे आहे. वाशी, नेरूळ, खारघरच्या घरांतून त्यांना स्वतंत्र खोली मिळते. पण ‘आपली’ या शब्दाची हद्द कोणी ठरवली? गेल्या महिन्यात मी वसतिगृहात एक संध्याकाळ घालवली. बीडच्या ऊसतोड कुटुंबांतली मुले होती. दगडखाणीवर आणि बांधकामाच्या नाक्यावर काम करणाऱ्यांची होती. कर्जतकडच्या एका कातकरवाडीतली सातवीची मुलगी होती. तिचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ते पाऊस लागेपर्यंत. भट्टीमालकाकडून आधी उचल घेतलेली असते आणि हंगाम संपला तरी ती पूर्ण फिटत नाही. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे. तिच्या वडिलांना त्याचे नाव माहीत नाही, आणि भट्टीमालकाला ते माहीत असून फरक पडत नाही. वर्षअखेरीस शिल्लक राहणाऱ्या त्या कर्जाविषयी ऐकताना मला मिसिसिपीतल्या अर्धेलीच्या वह्या आठवल्या. विटा थापायला लहान बोटे उपयोगी पडतात, असे ती मुलगी अगदी सहज म्हणाली. तिच्या धाकट्या भावाची बोटे सध्या तेथेच आहेत.

खर्चाचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. धान्याचे आणि गॅसचे भाव, अधीक्षकांचे वेतन, छताची गळती, सर्व आकडे कार्यकारिणीने समोर ठेवले आहेत आणि ते चिंताजनक आहेत. सरकारी आश्रमशाळा आहेत, मग आपण कशाला, असेही विचारले जाते. आश्रमशाळा आदिवासी भागांत आहेत. खाणीवरच्या आणि नाक्यावरच्या मुलाचा पत्ताच दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याला कोणती शाळा शोधत येणार? दिवसाच्या शाळेने उत्पन्न वाढेल, हेही मान्य. वाढू द्यावे, आणि त्यातून वसतिगृह चालवावे. इमारतीचा एक मजला दिवसाच्या शाळेला देऊन बाकीचे वसतिगृह राखता येईल. प्रत्येक तुकडीने निदान दोन मुलांचा वर्षाचा भार उचलावा. माझ्या तुकडीतील अकरा जणांशी मी बोललो आहे, नऊ जण तयार आहेत, उरलेले दोघे विचार करून सांगतो म्हणाले.

उत्तरेतल्या त्या मित्रांविषयी मी वर लिहिले, ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मेळाव्यातील आपलीच रांग होती. टाळ्या वाजवणारी, दमलेली, घरी जायच्या घाईतली, आणि तीत मीही.

प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. सभेची तारीख दिवाळीच्या सुट्टीत ठेवण्याचे घाटत आहे, म्हणजे बाहेरगावच्या माजी विद्यार्थ्यांना येता येईल. ती आधी घ्यावी, अशी माझी विनंती आहे. भट्टीमालकाची माणसे उचल घेऊन कातकरवाडीत येतात ती गणपतीनंतर लगेच, आणि पुढच्या वर्षी मुलीला कोठे ठेवायचे, हे तिच्या आईला तेव्हाच सांगावे लागते.